नवीन गाडीवर कंपनीतून आलेले टायर लगेच बदलावेत का?

तिसरा_गिअर

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसतं वाचतोय, लिहितोय आज पहिल्यांदा, त्यामुळे थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

पाच आठवड्यांपूर्वी गाडी घरी आली. दोन दारांची, इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, ३०० च्या वर हॉर्सपॉवर. कितीतरी वर्षं मनात होती, साठवून साठवून घेतली. हौसेची आहे पण रोज ऑफिसलाही तीच नेतो, सुट्टीच्या दिवशी पहाटे वळणांच्या रस्त्यावर एक चक्कर, आणि वर्षातून एखाद-दोनदा ट्रॅकवर जायचं डोक्यात आहे.

आता मुद्दा. माझा एक मित्र आहे, त्याच्या हाताखालून बऱ्याच वेगवान गाड्या गेल्यात. त्याने एक चक्कर मारली आणि उतरल्या उतरल्या म्हणाला की पहिलं काम काय कर तर हे टायर काढ, गाडीच्या कंपन्या टायर लावतात ते स्वतःच्या सोयीचे, आवाज कमी यावा, कागदावर मायलेज चांगलं दिसावं, ग्रिपचा नंबर शेवटी लागतो. त्याचं बोलणं एकदम उडवून लावता येईना, कारण मलाही गाडीत काहीतरी खटकतंय. कोरड्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये जरा पाय दाबला की ट्रॅक्शनचा दिवा (चाकं पकड सोडून फिरताहेत हे सांगणारा) लुकलुकायला लागतो. छोटासा खड्डासुद्धा थेट कमरेत लागतो. आणि परवा पाऊस पडून गेला होता, चौकाला वळसा घालून बाहेर पडत होतो, वेग तिशीतलाच, तर मागची बाजू हलकेच बाहेर गेली. इलेक्ट्रॉनिक्सने सांभाळलं, झालं काहीच नाही, पण मागच्या सीटवर मुलगी होती आणि घरी येईपर्यंत माझे हात गार पडले होते.

टायर जेमतेम ७०० किलोमीटर चाललेत. कडेला ते नव्या रबराचे बारीक केस असतात ना, ते पण अजून तसेच आहेत. असे टायर काढून ठेवायला मन होत नाही आणि चारी नवीन घेणं हा खर्चही लहान नाही. पण तेवढ्यासाठी जिवाशी खेळ नको. तुम्ही तुमच्या गाडीचं काय केलंत? थांबलात की लगेच बदललेत? आणि लगेच बदलले असतील तर काढलेल्यांचं काय केलं?

वळणवेडा

मी बदलले होते आणि तशी वेळ आली तर पुन्हा बदलेन. तुमच्या मित्राशी मी सहमत आहे.

बघा, गाडी कितीही भारी असो, रस्त्याला टेकते ती चार तळहातांएवढ्या रबरावर. ब्रेक मोठे, इंजिन मोठं, सस्पेन्शन महागातलं, सगळं शेवटी त्या चार तळहातांतूनच खाली उतरतं. शाळेतलं साधं गणित सांगतो. १०० च्या वेगाने जाताना कचकन ब्रेक मारला आणि टायरने १ जी, म्हणजे गाडीच्या वजनाएवढ्या जोराची, पकड दिली तर गाडी ३९ मीटरच्या आसपास थांबते. पकड दहाच टक्के कमी मिळाली तर जवळपास ४४ मीटर लागतात. पाच मीटर म्हणजे एका गाडीची लांबी, ऐकायला काही विशेष वाटत नाही. पण हेच दुसऱ्या बाजूने बघा, जिथे पहिली गाडी पूर्ण थांबून उभी आहे, बरोबर त्याच जागी दुसरी गाडी अजून ताशी ३१-३२ च्या वेगाने पुढे चाललेली असते. मधे जर कोणी माणूस असेल तर तो ३१ चा वेग त्याला लागतो.

माझी पहिली वेगवान गाडी हॅचबॅक होती, टायर कंपनीचे, इंधन वाचवणाऱ्यातले, दगडासारखे कडक. मी पण तुमच्यासारखाच म्हणत होतो की अजून नवीन आहेत, वापरू, कशाला घाई. एकदा ओल्या रस्त्यावर पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक मारला, मीही मारला, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) पायाखाली थडथडत राहिलं आणि गाडी आपली सरकतेच आहे सरकतेच आहे, फाळक्यापासून वीतभर अंतरावर थांबली. फाळक्याच्या कडीला बांधलेली निळी दोरी मला आजही दिसते. पुढच्याच आठवड्यात चारी टायर बदलले आणि तीच गाडी दुसरीच कोणीतरी झाली. त्यामुळे माझं मत सरळ आहे, थांबू नका. काढलेले टायर नवेच आहेत, कोणीतरी आनंदाने घेईल.

रबरात_वीस_वर्षं

दोघांचंही नीट वाचलं. वळणवेडा, तुमचं गणित बरोबर आहे आणि तुमच्या गाडीवरचे टायर बदलले हेही योग्यच केलंत. पण धागाकर्त्याने टायर कुठला आहे ते लिहिलेलंच नाही, आणि ते कळल्याशिवाय काढा किंवा ठेवा दोन्ही सांगता येत नाही. मी वीस वर्षं टायर चढवतोय-उतरवतोय, "कंपनीचे टायर" अशी काही एक जात नसते हो.

एका टोकाला टोयोटाची ८६ आणि सुबारूची बीआरझेड घ्या. २०१२ साली ती आली तेव्हा अस्सल मागच्या चाकांची स्पोर्ट्स गाडी, आणि पायात मिशेलिनचे प्रायमसी एचपी, २१५ रुंदीचे. हे टायर प्रियसवर पण येत. लोक चिडले, पण तिथे ते मुद्दाम केलेलं होतं, गाडी कमी वेगातच खेळकर वाटावी, सरकली तर हळूहळू सरकावी म्हणून. दुसऱ्या टोकाला पोर्शेची ९११ जीटी३, ती कारखान्यातूनच पायलट स्पोर्ट कप २ सारखे जवळजवळ ट्रॅकचे टायर घालून येते. दोन्ही कंपनीचेच टायर. पहिल्यावरचे काढून चांगला स्पोर्ट टायर टाकला तर ग्रिप वाढेल, दुसरीवरचे काढून काय मिळवणार?

दुसरं म्हणजे महागातल्या गाड्यांना टायर खास बनवून घेतात. साइडवॉलवर बघा, बीएमडब्ल्यूच्या टायरवर चांदणी असते, मर्सिडीजच्या एमओ, ऑडीच्या एओ, पोर्शेच्या एन आणि पुढे आकडा. नाव तेच, साइज तीच, पण रबराचं मिश्रण किंवा आतली बांधणी त्या गाडीसाठी थोडी वेगळी केलेली असू शकते. सस्पेन्शन, एबीएस, ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) सगळं त्याच टायरवर तासन्‌तास चालवून जुळवलेलं असतं. म्हणून दुकानात दिसणारा त्याच नावाचा टायर आणि तुमच्या गाडीखालचा टायर एकच असेल असं धरून चालू नका.

तर आता धागाकर्ते साहेब, माझं एवढं करा. ओल्या फडक्याने साइडवॉल पुसा, मोबाईलचा टॉर्च तिरका धरा, सरळ धरला तर काळ्यावर काळं काही दिसत नाही. टायरचं पूर्ण नाव लिहून घ्या. साइजच्या पुढे भाराचा आकडा आणि वेगाचं अक्षर असतं तेही घ्या, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंत, डब्ल्यू म्हणजे २७०, वाय म्हणजे ३००. ट्रेडवेअरचा, म्हणजे रबर किती टिकतं त्याचा, आकडा असेल तर तोही (जितका जास्त तितकं टिकाऊ). आणि साइडवॉलवर डीओटी (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ती पूर्ण ओळ कधी कधी आतल्या बाजूला असते, मग वाकून बघावं लागेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सकाळी गाडी रात्रभर उभी असताना, गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा न नेता, चारही चाकांची हवा मोजा. स्वतःचा गेज घ्या, पंपावरच्या मशीनच्या भरवशावर नको. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर असतो, त्यावर जे लिहिलंय ते आणि गेजवर जे येतंय ते, दोन्ही इथे टाका. तुम्ही तीन तक्रारी सांगितल्यात, खड्डा कमरेत लागतो, कोरड्यातच दिवा लुकलुकतो, ओल्यात मागची बाजू हलते. तिन्ही एकत्र वाचल्यावर मला एक शंका येतेय पण आकडे येईपर्यंत बोलत नाही.

तिसरा_गिअर

धन्यवाद दोघांनाही. खरं सांगायचं तर पाच आठवड्यांत हवा एकदाही मोजली नाही, नवीन गाडी आहे म्हणजे बरोबरच असेल असं धरलं, आणि गाडीतल्या सेन्सरनेही काही तक्रार केली नाही. गेज आणतो आणि परवा सकाळी मोजून लिहितो.

आधी_ब्रेक_मग_वळण

मी ट्रॅकवर नियमित जाते, सात वर्षं होतील आता, म्हणून माझी बाजू सांगते.

नवीन गाडीचे टायर पहिल्याच महिन्यात बदलू नयेत असं माझं म्हणणं आहे आणि त्याचं कारण पैसे नाहीत. तुम्हाला अजून गाडीच माहिती नाही. तिची पकड कधी सुटते, सुटताना आधी सांगते का, स्टेअरिंगमध्ये काय कळतं, सीटमधून काय कळतं, हे अंगात बसायला दोन-तीन हजार किलोमीटर लागतात. आत्ता टायर बदलले तर गाडी सुधारली की तुमची सवय झाली हे तुम्हाला कधीच कळणार नाही. आणि जास्त ग्रिपचा टायर चूक लपवतो, तो सोडतो उशिरा, पण तोवर वेग वाढलेला असतो आणि सोडतो तेव्हा झटक्यात सोडतो. कमी ग्रिपवर चूक स्वस्तात कळते.

आणखी एक, नवा टायर पहिले दोन-तीनशे किलोमीटर पूर्ण पकड देतच नाही. साच्यातून टायर सुटून यावा म्हणून जे लावलेलं असतं त्याचा पातळ थर वर राहतो, तो झिजावा लागतो. तुमचे ७०० झालेत म्हणजे ते संपलं असेल, पण तुमच्या मित्राने नेमकी कधी चक्कर मारली? पहिल्याच आठवड्यात मारली असेल तर त्याचं मत तेवढं धरून चाला.

मी स्वतः केलेली चूकही सांगते. आधीच्या गाडीवर मी उत्साहात सेमी-स्लिक (जवळजवळ गुळगुळीत, ट्रॅकसाठीचे टायर) चढवले, रस्त्यावर चालवायला परवानगी असलेले, कोरड्यात तर गाडी रुळावरून गेल्यासारखी जायची, मी प्रेमातच पडले. मग एका संध्याकाळी महामार्गावर जोराचा पाऊस आला आणि उताराला रस्त्यावर पाणी साचलेलं होतं. त्या टायरना खाचा कमी आणि उथळ, पाणी बाहेर फेकायला जागाच नाही. आधी चाकाखालचा तो सर्र आवाज होता तो एकदम थांबला, मग स्टेअरिंग हातात हलकं झालं, अगदी रिकामं, डावीकडे जरा फिरवलं तरी काहीच होत नव्हतं. साधारण दोन सेकंद. मी पाय काढून घेतला, ब्रेक लावला नाही, स्टेअरिंग सरळ धरलं आणि गाडी पुन्हा खाली बसली. उरलेला सगळा रस्ता ट्रकांच्या मागे साठच्या वेगाने आले. तेव्हापासून दोन सेट ठेवते, ट्रॅकचा सेट वेगळ्या रिमवर, रस्त्यावर कायम चांगला स्पोर्ट टायर ज्याला पाण्यात जीव आहे.

तुम्हालाही तेच सुचवीन. ट्रॅकवर जायचं नक्की झालं तर दुसरे रिम घ्या आणि ट्रॅकचे टायर त्यावर लावा, कंपनीचे रस्त्यासाठी तसेच राहू द्या. एकाच सेटवर दोन्ही केलं तर टायर तापतो-निवतो, तापतो-निवतो आणि खाचा शिल्लक असतानाच रबर कडक होत जातं.

थंडीचं पण बघून घ्या. तुमच्याकडचे टायर समर स्पोर्ट असतील आणि पारा ७ अंशांच्या खाली जात असेल तर ते रबर ताठ होतं, पकड सोडतं. तसं हवामान असेल तर त्या महिन्यांपुरता वेगळा सेट लागणारच, तिथे थांबा-बघा करू नका.

शांत_मोटर

मी विजेवर चालणारी चालवतो, जोरदार वेग घेणारी, पण मुद्दा तुम्हालाही लागू आहे म्हणून लिहितोय. मी पहिल्याच वर्षी जास्त ग्रिपचे टायर टाकले. ग्रिप वाढली यात वाद नाही. पण कंपनीच्या टायरमध्ये आतून फोमचा पट्टा चिकटवलेला होता, आवाज खाण्यासाठी, तो मी घेतलेल्यात नव्हता, आणि पहिल्याच लांबच्या प्रवासात घरचे विचारायला लागले की खिडकी उघडी राहिलीये का. एका चार्जमध्ये गाडी जायची त्यातही फरक पडला, आधी एका दमात गाठायचो ते गाव आता मधे थांबून गाठतो. चिकट टायर फिरवायला जास्त जोर लागतो, तो कुठूनतरी येणारच.

मला पश्चात्ताप नाही, माझा रस्ता वळणांचा आहे आणि मला ते हवं होतं. पण तुमच्या मित्राने "कंपनी स्वतःच्या सोयीचं बघते" म्हटलंय त्यातली अर्धी सोय आपलीच असते, ती गेली की कळते.

अजून एक, रनफ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे टायर) आहेत का ते बघा. असतील तर गाडीत बहुतेक स्टेपनी नसणार. रनफ्लॅट काढून साधे टाकले की गाडी मऊ होते, छान वाटतं, पण हवा गेल्यावरही साधारण ८० किलोमीटर ८० च्या वेगाने जाता येतं ती सोय जाते. मग पंक्चरचं किट आणि पंप तरी डिकीत ठेवावा लागतो.

तिसरा_गिअर

मोजलं. सकाळी सहाला, गाडी जागची हलवली नव्हती. गेज पहिल्यांदा लावला तेव्हा वाटलं गेजच बिघडलाय, म्हणून दोनदा मोजलं, मग शेजारच्या काकांचा आणून तिसऱ्यांदा मोजलं.

पुढे ४७ आणि ४७ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). मागे ४८ आणि ४६. दारावरचा स्टिकर म्हणतो पुढे ३४, मागे ३६.

बाकीचं पण देतो. टायर समर स्पोर्ट आहेत, रनफ्लॅट नाहीत, गाडीच्या कंपनीची खूण आहे साइडवॉलवर. वेगाचं अक्षर वाय. ट्रेडवेअर ३००, ट्रॅक्शन (ओल्या रस्त्यावरच्या पकडीची श्रेणी) डबल ए. तारखेचे आकडे १८२५, म्हणजे २०२५ चा अठरावा आठवडा.

रबरात_वीस_वर्षं

हीच शंका होती.

गाडी कारखान्यातून निघते ती ट्रेलरवर नाहीतर जहाजात, मग यार्डात कितीतरी दिवस एका जागी उभी. टायर एका बाजूला दबून चपटा पडू नये म्हणून हवा मुद्दाम जास्त भरून पाठवतात, ४५-५० पर्यंतसुद्धा असते. गाडी गिऱ्हाईकाला देण्याआधी ती उतरवून स्टिकरवर आणायची, हे डिलिव्हरीआधीच्या तपासणीतलं काम आहे. तुमच्या गाडीचं ते राहून गेलं. आणि बरेच सेन्सर हवा कमी झाली की ओरडतात, जास्त असली तर गप्प बसतात, म्हणून तुम्हाला दिवा दिसला नाही.

४७ वर टायर मधे फुगतो, कडा रस्त्याला पूर्ण टेकत नाहीत, त्या तळहाताची दोन बोटं झाली समजा. म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये दिवा, म्हणून ओल्यात शेपूट हललं, आणि खड्डा कमरेत लागतो तोही त्याचमुळे, टायर दबायलाच तयार नाही.

आता स्टिकरप्रमाणे करा, थंड असतानाच. चालवून आल्यावर गरम टायरमधून हवा काढून ३४ केली तर सकाळी ती कमी भरेल. १० अंशांचा फरक पडला की दीड ते दोन पीएसआय इकडेतिकडे होतं, म्हणून ऋतू बदलला की परत मोजा. गाडीत हवेचा दाब रीसेट करायचं बटण किंवा मेनू असेल तर तेही करा. मग दोन आठवडे चालवा आणि सांगा. टायर तुमचा चांगला आहे, वाय रेटिंगचा, ३०० ट्रेडवेअरचा समर स्पोर्ट, तो काढून मी तुम्हाला काय देणार? दुकानात आलात तरी हेच सांगेन.

वळणवेडा

हवेचं मी आधी विचारायला हवं होतं, ते सुचलंच नाही. ४७ म्हणजे फार झालं.

माझं मत या टायरपुरतं मागे घेतो. पण एक सांगून ठेवतो, दुसरं कोणी हा धागा वाचत असेल आणि गाडी वेगवान पण टायर इंधन वाचवणाऱ्या जातीचे, ट्रेडवेअर पाचशेच्या वर असं असेल, तर हवा बरोबर करूनही पाण्यात त्याची धाव तेवढीच. तिथे मी आजही सांगेन की बदला, रबर संपायची वाट बघत बसू नका. एक प्रश्न रबरातसाहेब, मागचे दोन आधी संपणार हे तर नक्की, मग दोनच बदलले आणि दुसऱ्या कंपनीचे घेतले तर चालतं का?

रबरात_वीस_वर्षं

या गाडीला मागचे आधी जाणार, बरोबर. दोन बदलले तर चालतं, पण एका एक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत, दोन्ही सारखेच हवेत, आणि शक्यतो पुढे आहे तोच टायर, त्याच खुणेचा. पुढे एका स्वभावाचं रबर आणि मागे दुसऱ्या, हे ३०० हॉर्सपॉवरला चांगलं नाही. पावसात पुढचे धरून ठेवतात आणि मागचे सोडतात तेव्हा गाडी गरकन फिरते. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर आणखी जपा, चारींच्या खाचांत फार फरक पडला की चाकांचा घेर वेगळा होतो आणि मधल्या यंत्रणेवर विनाकारण ताण येतो. तिथे बहुतेक चारीच बदलावे लागतात.

आणि कधीही बदला, भाराचा आकडा आणि वेगाचं अक्षर मूळच्यापेक्षा खाली नको. साइज वाढवायची हौस असेल तर चाकाचा एकूण घेर जुळवून घ्या. उदाहरणार्थ २४५/४० आर १८ आणि २४५/३५ आर १९ यांचा व्यास जवळपास सारखाच येतो, ६५३ आणि ६५४ मिलिमीटर. असा बदल चालतो. नुसतं रुंद हवं म्हणून डोळे मिटून मोठं टाकलं की स्पीडोमीटर चुकतो, वळवताना मडगार्डला घासतो, आणि कोणाला सांगायचं?

काढलेल्या टायरचा प्रश्न राहिला होता, तोही सांगतो. ठेवायचे असतील तर अंधारात, कोरड्या जागी, ऊन नको, पेट्रोल-तेल जवळ नको. रिमवर असतील तर एकावर एक आडवे, नुसते असतील तर उभे, आणि महिन्याने थोडे फिरवून ठेवा.

तिसरा_गिअर

तीन आठवड्यांनी परत आलोय, सांगितल्याप्रमाणे.

हवा ३४ आणि ३६ केली त्याच दिवशी ऑफिसला निघालो, आणि कॉलनीच्या गेटवरचा गतिरोधक ओलांडताना मी थांबून आरशात मागे बघितलं, ओलांडला का म्हणून. रोज तिथे दात आपटायचे. दुसऱ्या गिअरमधला दिवा अगदी मुद्दाम पाय दाबला तरच लागतो आता. गेल्या आठवड्यात चांगला पाऊस झाला, मी एकटाच गेलो आणि त्याच चौकाला तीन वळसे घातले, आधी पंचवीसने, मग तीसने, मग जरा वर. मागची बाजू जागची हलली नाही. चौथ्यांदा मुलीला घेऊन गेलो.

मित्रालाही परत चालवायला दिली. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला की टायर बदललेस का. मी गेज दाखवला. आधीची चक्कर त्याने डिलिव्हरीनंतर तिसऱ्याच दिवशी मारली होती, म्हणजे ताईंनी विचारलं होतं ते बरोबर निघालं.

जिथून गाडी घेतली तिथे जाऊन आलो. डिलिव्हरीच्या कागदावर "टायरची हवा तपासली" या ओळीपुढे बरोबरची खूण आहे, खाली सही आहे. मी तो कागद आणि गेजचा फोटो दोन्ही समोर ठेवले, भांडलो नाही, एवढंच म्हटलं की माझ्यानंतर जी गाडी द्याल तिची हवा तरी खरंच मोजा, त्यातही कोणाचं तरी लेकरू बसणार आहे.

ठरलं ते असं, हे टायर ठेवतोय. ट्रॅकचं नक्की झालं की दुसरे रिम बघेन. एकच शंका उरली, पाच आठवडे ४७ वर चालवली त्याने टायरचं काही कायमचं नुकसान झालं असेल का?

रबरात_वीस_वर्षं

७००-८०० किलोमीटरमध्ये नाही. मधला भाग किंचित जास्त झिजला असेल, तो हळूहळू सारखा होईल. मोजून बघायचं असेल तर खोली मोजायचा छोटा गेज मिळतो, प्रत्येक टायरला तीन ठिकाणी लावा, बाहेरची कड, मधे आणि आतली कड. आतली विसरू नका. अशा गाड्यांची चाकं वरून थोडी आत कललेली असतात, वळणात धरायला म्हणून, त्यामुळे आतली कड आधी जाते आणि उभ्याने बघितलं तर बाहेरून टायर नवा दिसतो. स्टेअरिंग पूर्ण वळवा आणि बोटं आतून फिरवा, मागच्यांसाठी मात्र खाली वाकावंच लागेल. एका बाजूची कड जास्त खाल्ली जात असेल तर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घ्या.

कायद्याची मर्यादा बऱ्याच ठिकाणी १.६ मिलिमीटरची आहे, पण समर टायर ३ च्या खाली गेला की पाण्यात त्याचा भरवसा राहत नाही. गुळगुळीत व्हायची वाट बघू नका, ३ ला या.

तिसरा_गिअर

आत्ता मोजून आलो, चटई टाकून खाली झोपून. बाहेर, मधे, आत या क्रमाने. पुढे दोन्हीकडे ७.२, ७.०, ७.१. मागे डावा ६.९, ६.५, ६.७. मागे उजवा ६.९, ६.५, ६.८. तारीख टाकून ग्लव्हबॉक्समधल्या वहीत लिहून ठेवलंय, पुढचं ३००० ला मोजतो.